दहा बादल्या

मॅटलॉकच्या डेपोत डेरेक ऑलरेनशॉ
व्हॅनच्या सीटखालून दोन तारा काढतो.
कपाटातल्या हँगरच्या, काटकोनात वाकवलेल्या,
मुठीजवळ निळी चिकटपट्टी.
बत्तीस वर्षं तो फुटक्या पाइपांच्या डोक्यावरून चालतोय.
जमिनीखालच्या पाण्याशी त्याचं बोलणं आहे म्हणतात,
आणि माझं कान लावून ऐकायचं यंत्र
म्हणजे पोरीच्या हातातलं खेळणं.

मी त्याला पाणाड्याची गोष्ट सांगितली.
तळहातावर आडवा नारळ, रानातून चालत जायचं,
नारळ उभा राहिला की तिथं बोअर मारायचं.
सिन्नरला मामाच्या शेजारी सात बोअर कोरडे गेले,
आठव्याला पाणी लागलं.
गावाच्या तोंडी आजही आठवाच आहे.
डेरेक पोट धरून हसला.
नारळ! लोक नारळावर कसा काय विश्वास ठेवतात?

शुक्रवारी यार्डात दहा बादल्या पालथ्या घातल्या.
एकीखाली पाण्याचा कॅन.
कुठली, ते हेल्मेटमधल्या चिठ्ठीनं ठरायचं;
चिठ्ठी उचलायची तोमाशनं, कॅन ठेवायचा,
आणि शेडमध्ये जाऊन दार लावून घ्यायचं.
मलाही माहीत नको होतं.
भुवई माणसाच्या नकळत चुगली करते.
वारा चालेल ना, मी आधीच विचारलं.
वाऱ्याचा काय संबंध, तो म्हणाला.

पहिल्याच फेरीला बरोबर.
टाळ्या. माझ्या पोटात गोळा.
मग चूक. चूक. चूक. चूक.
सहावी बरोबर.
त्यानंतर तारा हलत राहिल्या, अगदी खऱ्यासारख्या,
आणि बादल्यांखाली काँक्रीट निघत राहिलं.

दहात दोन.
डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी एखादी सापडतेच,
दुसरी म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला.
तरी मी नोंदी पुन्हा तपासल्या,
आणि मग पुन्हा.
दुसऱ्यांदा तपासलं ते काम होतं.
तिसऱ्यांदा मला दोनाचा एक व्हायला हवा होता.
तिथं पेन खाली ठेवलं.
तारा माझ्याही हातात हलतात.

वारा होता, डेरेक म्हणाला.
आणि पाणी साठलेलं, वाहतं नव्हे.
आणि प्लास्टिक.
कुणी हसलं नाही.

नऊ दिवसांनी तो माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं.
मॉरीनच्या काखेत एप्रिलपासून गाठ आहे.
बक्सटनच्या बाईनं वर लोलक धरला,
म्हणाली, ऊर्जा अडलीये,
आणि मनगटात चुंबकाचं कडं घातलं, दोनशे साठ पौंडांचं.
बाईच्या भिंतीवर चौकटीत पत्रं आहेत,
बरं झालेल्यांची.
मग जरा थांबून, टेबलाकडे बघत,
बरं न झालेल्यांची कुठं लावते?

मी काही बोलले नाही.
मेलेली माणसं आभाराची पत्रं लिहीत नाहीत
हे त्याला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं.

तसं, बादल्यांसारखं, ते कडं तपासता येईल का?
येईल, म्हटलं, पण कडं नंतर.
आधी गाठ. ती सुईनं तपासतात.
फोन आत्ता कर, इथूनच.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात आमच्याकडे.
या कांकणाला हवा होता,
एप्रिलमध्येच.

त्यानं नंबर फिरवला. स्पीकर चालू.
रांगेत तुमचा क्रमांक सतरावा.
वाजत राहिलं कसलंसं व्हायोलिन,
आणि तो बोटावरची निळी चिकटपट्टी
नखानं सोलत बसला,
थोडी, थोडी.